पूर्वअटींचा सातरंगी तक्ता

माणसाला बोलता येणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु दुसऱ्या माणसाला बोलते करण्यासाठी पदवी लागते, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. पदवी नसतानाही माणसे एकमेकांना बोलती करीत, असा एक काळ होऊन गेला म्हणतात. त्या काळाची आकडेवारी उपलब्ध नसल्याने तो विचारात घेण्याचे कारण नाही.

ताईच्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. (ताई प्राथमिक शाळेत शिकवते. मुले, पालक, शिपाई आणि मुख्याध्यापकसुद्धा तिला ताईच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.) बाबांनी चौतीस वर्षे बस डेपोत गाड्यांची वेळापत्रके लावली होती. आता त्यांच्याकडे मोजून नऊ शब्द उरले होते आणि तेही स्वतःच्या सवडीने येत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “पहिलं वर्ष महत्त्वाचं. रोज अर्धा तास समोर बसा, बोला, ते काय म्हणताहेत ते नीट ऐका. जे परत यायचंय ते बहुतेक या वर्षातच येईल.”

सल्ला तोंडपाठ होण्याइतका लहान असल्यामुळे ताईला तो पुरेसा शास्त्रीय वाटला नाही. बाबांवर तिचा फार जीव. त्यांच्या बाबतीत अर्धवट काही नको म्हणून तिने वाचा व भाषा उपचाराच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता आणि बाबांकडे वर्ष एकच होते. पण चौथ्या वर्षी ती बाबांना पहिल्या वर्षाचे उपचार अगदी शास्त्रशुद्ध देऊ शकणार होती.

पहिल्या सत्रात एकच सक्तीचा विषय असतो: ‘अभ्यासनियोजन’. पुढच्या पाच सत्रांत काय शिकायचे ते विद्यार्थ्याने आधी आखायचे, कारण आखणी न करता शिकायला बसले तर चुकून काहीतरी येऊ लागण्याचा धोका असतो. पाठ्यपुस्तक चारशे बारा पानांचे आहे. त्यातली पहिली साठ पाने, उरलेली पाने कोणत्या क्रमाने वाचावीत यावर आहेत.

माहितीपुस्तिकेतले नियम साधे आहेत. ‘वाचाविकारांवरील उपचार’ हा मुख्य विषय. तो घेण्याआधी ‘मेंदू आणि भाषा’ झालेला हवा. त्याआधी ‘ध्वनी आणि उच्चार’ (यात जिभेची चौदा चित्रे आहेत, पैकी दोन एकसारखी). त्याआधी ‘ऐकण्याची मूलतत्त्वे’ (हा विषय हेडफोन लावून, दार बंद करून, एकट्याने करायचा असतो). त्याआधी रुग्णाशी प्रत्यक्ष संवादाचे साठ तास. आणि ते अर्थातच ‘वाचाविकारांवरील उपचार’ उत्तीर्ण झालेल्यांनाच करता येतात (रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी). ‘गिळण्याचे विकार’ मात्र केव्हाही घेता येतो, फक्त सम सत्रात नाही. विषम सत्रात शिकवणारे रजेवर असतात.

ताईने सहा मोठे कागद चिकटवून या सगळ्याचा सातरंगी तक्ता केला. घरातली मोकळी भिंत एकच, बाबांच्या पलंगासमोरची. तक्ता तिथे लागला. बाबांना दुसरे काम नसल्याने ते दिवसभर त्याच्याकडे बघत.

अकराव्या दिवशी त्यांनी डावा हात उचलला, तक्त्याकडे केला आणि म्हणाले, “गाडी... डेपोत.”

ताईला आनंद झाला, कारण नियोजनाच्या विषयात एक गृहपाठही होता: घरातील वाचाविकारग्रस्त व्यक्तीचे निरीक्षण, पंधरा तास. निरीक्षकाने रुग्णाला उत्तर देऊ नये, त्याने नोंदी दूषित होतात, अशी स्पष्ट सूचना होती. ताई रोज संध्याकाळी शाळेतून आली की मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून, वही घेऊन बाबांसमोर बसू लागली. म्हणजे समोर बसण्याची डॉक्टरांची सूचना तिने तंतोतंत पाळली. फक्त बोलणे आणि उत्तर देणे तेवढे वगळले.

तिच्या नोंदी आजही आदर्श मानल्या जातात. पंधरा तासांत रुग्ण ‘गाडी डेपोत’ हे शब्द दोनशे तेरा वेळा बोलला. पैकी तक्त्याकडे हात करून एकशे नव्वद वेळा, आवाज चढवून चौसष्ट वेळा, कपाळावर हात मारून सतरा वेळा. हात दर वेळी त्याच दोन चौकोनांकडे जातो (दृष्टिदोषाची शक्यता). निष्कर्ष: रुग्ण जुन्या नोकरीतल्या शब्दांत अडकला आहे, अर्थबोध नाही.

“अगं, ते काहीतरी सांगताहेत तुला,” आई दारातून म्हणाली.

“आई, मध्ये बोलू नकोस ना. रेकॉर्डिंग चालू आहे.”

एका दुपारी बाबा भिंतीला धरून उठले. झटक्यानंतर पहिल्यांदाच, कुणाच्या आधाराशिवाय, चार पावले. त्यांनी ताईची लाल पेन्सिल उचलली आणि तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनापासून पहिल्यापर्यंत एक वाकडीतिकडी रेघ ओढली. संध्याकाळी ती बघून ताई रडकुंडीला आली. “बाबा, किती मेहनतीने केलं होतं हो!” तिने तो कागद नव्याने रंगवला आणि वहीत लिहिले: हस्तकंप.

त्यानंतर बाबा हळूहळू गप्प झाले. शेवटची नोंद अशी आहे: ‘रुग्ण शांत. शब्दांची निरर्थक पुनरावृत्ती पूर्ण थांबली. प्रगती समाधानकारक.’

विषयात ताई पहिली आली. तिचा तक्ता नमुना म्हणून संकेतस्थळावर लागला आणि एकशे अठरा विद्यार्थ्यांनी तो जसाच्या तसा उतरवून घेतला.

दुसऱ्या सत्राची नोंदणी उघडली. ताईने पहिला विषय निवडला. पडद्यावर आले: पूर्वअट अपूर्ण. दुसरा निवडला, तिसरा निवडला, तेच. तिने अभ्यासक्रमाच्या सल्लागार बाईंना व्हिडिओ कॉल लावला.

“तुमचा प्लॅन एकदम परफेक्ट आहे हं, ताई,” सल्लागार बाई म्हणाल्या.

“पण मी सुरू कुठून करू?”

“प्लॅनप्रमाणे.”

“प्लॅनप्रमाणे सुरूच होत नाहीये!”

“असं कसं? सहा वर्षं कोर्स चालू आहे, एकाची तक्रार नाही.”

“मग बाकीचे काय करतात?”

“ते अजून प्लॅन सुधारताहेत. नोंदणीपर्यंत पोचलेल्या तुम्ही पहिल्याच. अभिनंदन!”

ताई लॅपटॉप मिटून तक्त्यासमोर उभी राहिली. पहिल्या चौकोनावर बोट ठेवून बाणामागून बाण निघाली आणि पहिल्या चौकोनावर येऊन थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा तिथेच आली. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

“गाडी डेपोतच,” आई सहज म्हणाली.

“काय म्हणालीस?”

“अगं, एखादी फेरी चुकीची लागली, म्हणजे गाडी निघते आणि एकाही थांब्यावर न जाता परत डेपोतच येते, की हे तेवढंच म्हणायचे. जेवतानासुद्धा डोक्यात तेच. तुझा तक्ता बघून तेच तर सांगत होते.”

“मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“रेकॉर्डिंग चालू होतं ना,” आई म्हणाली.

ताई पलंगाच्या कडेला बसली. तिला लाज वाटली, रडू आले, आणि या दोन्हींची नोंद कुठल्या रकान्यात करावी ते कळेना. तिने बाबांचा हात धरला. “बाबा, तुमचं बरोबर होतं हो. पुन्हा म्हणा ना एकदा.” बाबांनी तिच्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले. दोनशे तेरा वेळा सांगून झाले होते. डॉक्टरांनी दिलेल्या वर्षातले पाच आठवडे उरले होते.

विद्यापीठाने ताईने पाठवलेल्या तक्रारीच्या पत्राची तत्परतेने दखल घेतली. पुढच्या सत्रापासून ‘पूर्वअटींचे निवारण’ हा नवा सक्तीचा विषय सुरू होत आहे. तो कधी घेता येईल, हे आधीचे विषय पूर्ण झाल्यावर कळवण्यात येईल.

ताईला नावे ठेवण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. मात्र माहितीपुस्तिकेतले सगळे नियम वर जसेच्या तसे दिले होते. ज्यांना त्यातली गोम दिसली नाही, ते जिभेच्या चौदा चित्रांवर हसून पुढे गेले. ज्यांना दिसली, तेही गप्पच राहिले. आणि आता हे वाचत असताना घरातले कुणीतरी आपल्याला काही सांगून गेले. दुसऱ्यांदा. आपण मान वर न करता “हं” म्हणालात. ते काय होते, ते आठवत असल्यास आपण या अभ्यासक्रमास अपात्र आहात. आठवत नसल्यास प्रवेश सुरू आहेत.