सुलू टीचरची पाठ

बाळकुममधल्या कुठल्याही घरात जा आणि नाचाचा व्हिडिओ मागा. लग्नातला मागा, गॅदरिंगचा मागा, गणपतीतला मागा. सगळ्यांत एक पाठ दिसेल. रुंद, घामाने भिजलेली, पोपटी ओढणी आडवी बांधलेली पाठ. तिच्या पलीकडे कुठेतरी तुमचं पोर नाचत असेल. त्याचा एखादा हात दिसला तर नशीब समजा.

ही पाठ सुलू टीचरची. बाई राहते ठाकुर्लीला आणि आमच्या टॉवरच्या हॉलमध्ये नाच शिकवायला येते. त्या हॉलच्या जागी माझ्या बापाचं भाताचं खाचर होतं, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. हॉलची चावी अजून माझ्याकडेच असते, हेही सांगितलं. ती म्हणाली, "तरीच इथली पोरं चिखलात उभी असल्यासारखी नाचतात." असली तोंडाळ!

संध्याकाळी आधी पोरं, मग मोठ्या बायका. माझं घर हॉलच्या बरोबर वर. मी बातम्या लावल्या की खालून आरडाओरडा सुरू. "माझ्याकडे बघा! पायांकडे काय बघता? पाय कुठे पळून जात नाहीत! माझ्याकडे!" हे ऐकून ऐकून माझं डोकं भणभणतं.

बरं, शिकवून मोकळी होईल तर ना! कार्यक्रमात पोरं स्टेजवर चढली की ही खाली पुढ्यात उभी राहते, लोकांकडे पाठ करून, आणि अख्खा नाच स्वतः नाचते. पोरं तिचं बघून नाचतात. मग लोकांनी काय बघायचं? एका बापाने मोबाइल धरून विनवलं, "मॅडम, जरा बाजूला सरका ना, शूटिंग करतोय." ही वळलीसुद्धा नाही. नाचता नाचता म्हणाली, "तुम्ही या माझ्या जागी, मी करते शूटिंग."

माझ्या नातीच्या गॅदरिंगला मी पहिल्या रांगेत बसलेलो, नवी टोपी घालून. दिसलं काय? पाठ. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेलेलो भांडायला.

"अगं, पोरांना नीट शिकवलंस तर कशाला पुढे उभं राहायला लागेल?"

"शिकवलंय, आबा. स्टेजवर घाबरतात ती."

"घाबरू दे! मला कोणी शिकवलं? चौथीत शाळा सोडली आणि मिठागरात उतरलो."

"म्हणजे तुम्ही कोणाला घाबरत नाही?"

"कोणाच्या बापाला नाही!"

"मग या पुढे. नाचून दाखवा."

पोरं फिदीफिदी हसली. मी निघून आलो. अशा बाईच्या तोंडी कोण लागणार?

पुढे आमच्या म्हातारीने कहर केला. नातवाची हळद ठरली आणि ही सुलूच्या क्लासला जायला लागली. गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी न चढणारी बाई!

"या वयात?" मी ओरडलो.

"मना नाचाचं हाय," म्हातारी म्हणाली. "घरातल्या सगल्या हलदींना मी चुलीपुढंच होती. आता तुमी गप बसा."

आमच्याकडे हळदीला सगळी भावकी जमते. तिथे हिचं हसं झालं तर मान माझी खाली जाणार. वर म्हातारी आयुष्यात एकदा नाचणार आणि तेव्हाही मी सुलूची पाठ बघायची? मी सुलूला बोलावून बजावलं, "माझ्या मांडवात तू खुर्चीवर बसायचंस. माझ्या शेजारी. उठलीस तर हॉलला कुलूप."

ती रागाने लाल झाली. पण म्हणाली, "बसते."

हळदीच्या संध्याकाळी गाणं लागलं. बायका रांगेत, मधोमध पिवळ्या लुगड्यात म्हातारी. सुरुवात बरी झाली. मग म्हातारी अडकली. एक हात वर गेला तो वरच राहिला. डोळे मांडवभर काहीतरी शोधायला लागले. माझा चुलतभाऊ खिदळला, "काय वहिनी, बस थांबवता काय?" सगळा मांडव हसला.

शेजारी सुलू स्वतःच्या हातांवर बसलेली. दातओठ खात म्हणाली, "तुम्हीच बसवलंत."

"मग आता ऊठ की, बये! माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

ती धावली. आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि गाण्याच्या वर आवाज चढवला, "आजी, माझ्याकडे बघा!" म्हातारीचा हात खाली आला, कंबर हलली आणि मग ती थांबेचना. असं लोक सांगतात. मला दिसली ती म्हातारीची दोन कोपरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलू घरी आली. "आबा, हळदीचा व्हिडिओ द्या ना. मी सगळ्यांचे मागून घेते."

"स्वतःची पाठ बघायला?" मी बातम्या बघता बघताच खेकसलो.

नातीने खुर्चीवर चढून व्हिडिओ काढलेला, तो तिने सुलूला पाठवला. सुलूने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पाठीच्या कडेने म्हातारीचं तोंड दिसलं. हसत होती. सगळ्याच हसत होत्या. एकीचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच.

"बघा," सुलू म्हणाली. "सगळ्या माझ्याकडे बघतायत."

"त्यात काय नवल? तूच ओरडतेस, बघा बघा म्हणून."

"इथे ओरडलं की बघतात तरी. घरी भाऊ-वहिनी आहेत. जेवायला वाढतात, तेही टीव्हीकडे बघत."

माझा टीव्ही चालू होता. रिमोट सापडेना, त्याचाही राग आला. शेवटी उठून बटणच बंद केलं आणि वळून तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं हिच्याशी भांडत आलेलो, पण तोंड असं समोरून नीट बघितलं नव्हतं.

"टिकली वाकडी लागलीय तुझी," मी म्हटलं. रागानेच.

तिने कपाळाला हात लावला.

"सकाळपासून तशीच असेल," ती म्हणाली.