नोहाचा लाल दोरा

कापडी चित्रं चिकटवायचा फ्लॅनेलचा फळा गाडीत घोंगडीखाली असायला हवा होता. पण चर्चमध्ये पियानो वाजवताना नोरीनला तो शेजारच्या सभागृहाच्या उघड्या दारातून दिसला, थेट कॉफीच्या टेबलापाशी.

“तो आत कुणी आणला?” तिने वाजवता वाजवता विचारलं.

पानं उलटायला शेजारी उभा असलेला तिचा नवरा डेल म्हणाला, “मीच. तू विसरली होतीस. वाटेत मेंढी पडली, ती पण लावली परत.”

“डेल, त्यातला नोहा माकडाला बांधलाय.”

डेल पान उलटायचं विसरला. नोरीनने तेच कडवं पुन्हा वाजवलं आणि मंडळींनी ते निमूटपणे पुन्हा म्हटलं.

शुक्रवारी तिने चर्चमधली, बायबलातल्या नोहाच्या तारवाची कापडी जनावरं गुपचूप शाळेत नेली होती. उत्क्रांती शिकवताना कोण कुणाचं दूरचं नातेवाईक ते लाल लोकरीने जोडून दाखवलं. माणूस म्हणून त्यात एकटा नोहाच होता, मग त्यालाही जोडला. आज प्रार्थनेनंतर वार्षिक सभा होती आणि रविवारच्या बायबलवर्गाला कोण शिकवणार ते हात वर करून ठरणार होतं. बारा वर्षं तो वर्ग नोरीनचा होता आणि आठवड्यातला तोच तास तिला सगळ्यात प्यारा होता.

“जा, उचलून आण.”

“कसा आणू? हॉलिस उभाय तिथे.”

हॉलिस ट्रुइट म्हणजे चर्चचा सगळ्यात कडक कारभारी. देवाने सृष्टी घडवली ते बायबलातले सहा दिवस जरा मोठे असतील, एवढंच म्हणणाऱ्या आधीच्या बाईंचा वर्ग त्यानेच काढून घेतला होता. आता तो फळ्याला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा होता. पाळकांचं प्रवचन पाऊण तास चाललं, पण हॉलिस हलला नाही. पुरावा राखतोय मेला, असं मनात म्हणत नोरीन घाम पुसत राहिली.

शेवटचं गीत संपताच त्याने तिला बोटाने फळ्यापाशी बोलावलं.

“ही मेंढी डुकराशेजारी कुणी लावली?”

“ब्रदर हॉलिस, मी समजावून सांगते...”

“मला काय समजावतेस? चाळीस वर्षं मेंढरं पैदा करतोय मी. मेंढी बकरीजवळ जाते. देवाने कसं घडवलं ते देव जाणे, पण पोरांना वंशावळ तरी चुकीची शिकवू नकोस.”

मेंढी त्याने आधीच बकरीजवळ लावली होती. नोहा मात्र सुटा होता, त्याला माकडाशी जोडणारी लोकर गायब होती.

“आणि तो दोरा?” नोरीनने विचारलं.

हॉलिसने आधी दाराकडे पाहिलं. “सभेनंतर देतो. हळू बोल, माझी बायको येतेय, ती माझ्याहून कडक आहे.”

चर्चमध्येच भरलेल्या सभेत नोरीनचं नाव पुकारलं गेलं. सगळ्यात आधी हॉलिसचा हात वर गेला आणि बाहीतून वीतभर लाल लोकर बाहेर लोंबली. त्याच्या मागच्याच बाकावर त्याची बायको बसली होती. नोरीनला आता स्वतःची नाही, हॉलिसचीच काळजी वाटू लागली.

तिने पटकन पियानो वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हॉलिसच्या बायकोसकट सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.