देवीच्या कव्हरातली रेकॉर्ड

सूर्यभानने रेकॉर्डींची पेटी उघडली. देवीच्या गाण्यांचं कव्हर जागेवर नव्हतं.

"आये, आप्पांनी रेकॉर्डी नेल्या?"

"मग? आज पहिली माळ. देवळात स्पीकर लावायला गेलेत," मालनबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

कव्हर देवीचं होतं, आतली रेकॉर्ड नव्हती. शिर्डीला निघालेल्या एका गोऱ्या पाहुण्याची बंद पडलेली गाडी सूर्यभानने चालू करून दिली, तेव्हा त्याने ती खुशीने दिली होती. तरुणपणीच वारलेल्या कुणा अमेरिकन गिटारवाल्याची गाजलेली गाणी. सूर्यभानला त्यातला शब्द कळत नसे. पण ती गिटार आधी वासरासारखी हंबरायची, मग भांडायला उठायची, आणि शेवटी अशी रडायची की त्याचा घास हातातच राहायचा. आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, कारभारींनी, ती एकदाच ऐकली होती.

"पुन्यांदा हे घरात वाजलं, तर ती चुलीत आन् तू रस्त्यावर!"

कारभारींचा धंदा स्पीकर भाड्याने देण्याचा. वाचता येत नसल्यामुळे ते कव्हरावरच्या चित्रावरून रेकॉर्ड ओळखत. देवीचं कव्हर वर्षातून एकदाच निघे, म्हणून सूर्यभानने आपली रेकॉर्ड त्यात दडवली होती. ते एकदा म्हणजे आजच, हे मात्र तो विसरला होता.

तो अनवाणीच पळाला. निम्म्या वाटेवर कर्ण्यातून पहिली किंकाळी आली. पारावरचा सहादेव ताडकन उठला.

"सूर्या, पळ! देवळात कुनाचा तरी जीव चाललाय!"

"माझाच!" सूर्यभान पळता पळता म्हणाला.

देवळात बायका आरतीची ताटं धरून थिजल्या होत्या. कारभारींचे डोळे लालभडक झाले होते.

"तुझंच काम हे! थांब, आधी हिचे तुकडे करतो, मग तुझे."

त्यांनी पिनेकडे हात नेला. सूर्यभानने डोळे मिटले. तेवढ्यात रेकॉर्डीतले ढोल कडाडले आणि रंगुबाईचे केस सुटले. दर नवरात्रात तिच्या अंगात देवी येई. यंदा जरा लवकर आली.

"हात लावू नगंस, कारभारी!" रंगुबाई घुमत गरजली. "वरसानुवरसं तेच ते ऐकवून कान किटवलंस माझं. आज कुठं मनासारखं वाजतंय!"

कारभारींचा हात जागीच थांबला, मग दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला.

"चुकलं, आई. दुसरी बाजू?"

"ती बी लाव!"

सूर्यभानचा जीव भांड्यात पडला. दोन्ही बाजू संपल्यावर त्याने हळूच हात पुढे केला.

"आप्पा, माझी रेकॉर्ड..."

"तुझी? देवीची हाय ती आता!"

कारभारींनी ती हळदकुंकू लावून देवळातल्या पेटीत ठेवली आणि कुलूप घातलं.

तेव्हापासून ती फक्त मंगळवारी निघते. देवळाकडे कधी न फिरकणारा सूर्यभान सगळ्यांच्या आधी येऊन कर्ण्याखाली बसतो. पोरगं सुधारलं, म्हणून मालनबाई नारळ फोडते. गिटार रडायला लागली की त्याचे डोळे आपोआप मिटतात आणि मागून कारभारींची टपली बसते.

"मान काय डोलवतोस, गाढवा? हात जोड!"