नानांची रात्रपाळी

दिवस मावळल्यावर काळा गॉगल लावून फिरणारा माणूस आमच्या असोद्यात एकच. माझे शेजारी, नाना. मागच्या महिन्यात त्या गॉगलपायी ते उभ्या म्हशीवर जाऊन आदळले. म्हशीला "माफ कर माय" म्हणाले आणि पुढे गेले. गॉगल काही काढला नाही.

नाना मूळचे शिरपूरकडचे. बत्तीस वर्षं सूतगिरणीत रात्रपाळी केली. निवृत्त होऊन बायकोला, म्हणजे अक्कांना घेऊन इथे लेकीजवळ राहायला आले, पण रात्री झोप येईना. डॉक्टरांनी सांगितलं, अंधार पडला की मेंदूतली तुरीच्या दाण्याएवढी ग्रंथी मेलॅटोनिन सोडते, त्याने झोप येते. डोळ्यांत उजेड गेला की ते आटतं. सकाळी ऊन घ्या, संध्याकाळी दिवे टाळा. झालं! नाना सकाळी गच्चीवर उन्हात, आणि दिवेलागणीला सगळ्यांचे दिवे घालवायला गल्लीभर एकच घोष, "बठ्ठा दिवा बंद करा!"

माझं खतांचं दुकान नेमकं त्यांच्या खिडकीसमोर. सायकलवर पोती वाहून मी ते उभं केलंय. त्यावरचा दिव्यांचा पांढराशुभ्र बोर्ड लांबून दिसतो, दिसायलाच पाहिजे. एका संध्याकाळी बघतो तर बोर्डावर केळीच्या घडांना घालायच्या निळ्या पिशव्या बांधलेल्या! माझं डोकंच फिरलं.

"नाना, हे दुकान आहे का केळीचा घड?"

"भाऊ, तुना बोर्ड मनी झोप खास." म्हणे माझा बोर्ड त्यांची झोप खातो!

दोन दिवसांनी डॉक्टरांकडून कळलं, निळा उजेड तर सगळ्यात वाईट. नानांनी गुपचूप पिशव्या सोडल्या आणि माझ्या काउंटरवर येऊन बसले.

"बोर्ड सात वाजता बंद कर."

"दहा."

"सात."

"नऊ. शेवटचं."

"सात."

"बरं, आठ!"

"साडेसात. आणि चहा पाज."

कंपन्यांच्या भल्याभल्या माणसांना मी घाम फोडलाय. या माणसाने मला चहासकट हरवलं. ते अजून डोक्यात आहे.

पंधरा दिवसांनी सकाळी तडक त्यांच्या गच्चीवर गेलो. "माझं गिऱ्हाईक तुटतंय. तुम्हाला झोप तरी येते का आता?"

"नही."

"मग माझा बोर्ड कशाला बंद?"

नानांनी खाली अंगणात पाहिलं. अक्का ज्वारी पाखडत होत्या. नाना आवाज उतरवून बोलले, "ती झोपे तवय मी गिरणीमा. मी झोपू तवय ती वावरमा. बत्तीस वरीस. एक येळ सोबत झोपानं व्हतं, भाऊ."

मी त्यांच्या शेजारी उन्हातच बसलो.

"आते मी जागा राहस, पण तिना बाजूले राहस. ती झोपमा बोलस. माले माहीतच नव्हतं."

"काय बोलतात अक्का?"

"'उठा, शिफ्टनी येळ व्हयनी.'"

"मग?"

"मी सांगस, आज सुट्टी शे."