विमानावरचं नाव

मुक्ताबाईंनी आयुष्यात एकदाच नवऱ्याला न भांडता 'बरं' म्हटलं, आणि त्या एका 'बरं'नं त्यांची आठ वर्षं खाल्ली.

झालं असं, की हौसेराव तळोज्याच्या कारखान्यातून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. रिटायर झालेली माणसं कुंड्यांना पाणी घालतात, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन भांडतात. हौसेरावांनी विमान आणलं. कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये सत्तर वर्षांपूर्वीचं एक दोन सीटचं विमान कबुतरांना आंदण दिलेलं होतं. ते त्यांनी ट्रकवर घालून नावडे गावातल्या भाड्याच्या गाळ्यात उतरवलं. विमान कसलं, नुसत्या फासळ्या! कोपरखैरण्याहून बघायला आलेल्या मुक्ताबाई म्हणाल्या, "ह्याला आधी जेवाय घाला."

"अगं, पंखांवर कापड चढलं की कसं दिसंल बघ! कापड तूच शिव, मुक्ता. शिवलंस तर विमानावर तुझं नाव घालतो. ठळक. आईशपथ!"

मुक्ताबाई चौथी शिकलेल्या. पण ब्लाउजच्या बाहीपासून गणपतीच्या मंडपाच्या झालरीपर्यंत सगळं त्या कुणाच्या हाताखाली न बसता शिवायला शिकल्या होत्या. नाव मात्र त्यांचं कुठंच लागलेलं नव्हतं. दारावर हौसेराव. लाइट बिलावर हौसेराव. लग्नपत्रिकेवर 'श्री. व सौ. हौसेराव', म्हणजे त्यांच्या वाट्याला तेवढी 'सौ.' आणि तिच्यापुढचं टिंब. म्हणून त्या म्हणाल्या, "बरं."

इंग्रजी पुस्तकातली चित्रं बघून, हातभर सुईनं, फासळी-फासळीला कापड टाचायचं. दर तीन बोटांवर गाठ. गाठ सैल पडली तर वर हवेत कापड फाटणार. मुक्ताबाईंच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. हौसेराव शेजारी उभे राहून "जरा डावीकडं" म्हणत. (नवऱ्यांना सगळ्या कामातलं एवढंच येतं.) कुणी गाळ्यात डोकावलं, की तेच हौसेराव पंखावर थाप मारून सांगत, "हे सगळं मी उभं केलं."

मुक्ताबाई ऐकून घेत. नाव लागलं की जगाला कळेलच.

शेवटी परवाने आले. पंख सोडवून विमान कराडच्या धावपट्टीवर नेलं, पुन्हा जोडलं. हौसेरावांना मेडिकलमध्ये नापास केलेलं, म्हणून चालवायला कॅप्टन जागृती आणि मागच्या सीटवर हौसेराव. परवानगी त्या दिवशी दुपारी बारापर्यंतच. सोसायटीची मिनीबस भरून माणसं आलेली. शेपटीवर नाव झाकणारी चादर.

जागृतीनं विमान नखशिखान्त तपासलं आणि ती कागद भरायला गेली. मग मुक्ताबाईंनी पूजा मांडली. चाकांखाली लिंबं झाली, नारळ झाला. अगरबत्ती कुठं लावावी? तेवढ्यात त्यांना पंखाखाली करंगळीएवढी नळी दिसली, तोंड पुढं करून बसलेली.

"बघा, इंग्रजानं अगरबत्तीचीबी सोय करून ठेवलीय!" त्या सुनेला, उज्वलाला, म्हणाल्या. अगरबत्ती डुगडुगायला लागली, म्हणून त्यांनी प्रसादाच्या केळ्याचा तुकडा बोळ्यासारखा आत ठासला. काम कसं पक्कं हवं. अगरबत्ती जळून गेली, काडी त्यांनी उपटली. बोळा राहिला आत.

हौसेरावांनी चादर ओढली. टाळ्या पडल्या. शेपटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: 'केशरबाईंचा आशीर्वाद'.

केशरबाई म्हणजे हौसेरावांची आई.

"अवो," मुक्ताबाईंचा आवाज खाली गेला (तो खाली गेला की घरात भांडी लपवतात), "माझं नाव कुठाय?"

"अगं, आईचं पाहिजेच की. शपथ आईची घेतली हुती. तुझं आतल्या बाजूला घालू कुठंतरी."

"आतल्या बाजूला म्हंजे? सीटखाली?"

हौसेराव घाईघाईनं मागच्या सीटवर चढून बसले. पंखा फिरला. विमान धावपट्टीवर सुटलं, शेपूट उचललं, आणि एकदम ब्रेक मारून, भेलकांडत, कडेच्या गवतात जाऊन उभं राहिलं.

जागृती उतरली. "काका, स्पीडचा काटा शून्यावरच! वेग कळल्याशिवाय मी उडणार नाही."

मुक्ताबाईंना आठ वर्षांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. "सासूबाईंचा आशीर्वाद ना? मला तरी कदी लागला हुता?"

सोसायटी हसली. जागृतीनं पंखाखाली वाकून बघितलं. "वेग मोजायच्या नळीत कुणी काहीतरी कोंबलंय. वास केळ्याचा येतोय."

झालं! मुक्ताबाई पदर खोचून पुढं सरसावल्या. "तुमीच! खाताना हात कुठं पुसता ह्याचं भान नाय तुमाला. माझ्या डोळ्यांची वात केली, माझं नाव गिळलं, वर केळं कोंबलं! अक्कल नावाचा पार्ट कंपनीनं बसवायचा राहिला तुमच्यात!"

हौसेराव पंखाआड सरकले. त्या अजून जोरात. उज्वला मागून पदर ओढत होती.

"आई... थांबा ना."

"का थांबू? लोकांना कळू दे कुणी केलं!"

"कळलंय. पूजेचा व्हिडिओ मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता."

वीस-पंचवीस मोबाइलमधून एकदम मुक्ताबाईंचाच आवाज आला: "बघा, इंग्रजानं अगरबत्तीचीबी सोय करून ठेवलीय!"

बारा वाजले. विमान पुन्हा ट्रकवर चढलं. वाटेत कुणी मुक्ताबाईंना केळी दिली नाहीत, एवढी माणुसकी सोसायटीनं दाखवली.

पुढची परवानगी यायला दहा महिने लागले. तोवर जागृतीनं नियम केला: नळीला लाल कापडाची टोपी, तिला हातभर लोंबती पट्टी, आणि उडण्याआधी टोपी काढायची जबाबदारी ज्याची, त्याचं नाव पट्टीवर मोठ्या अक्षरांत.

"मुक्ता शिवंल," हौसेराव म्हणाले. "नावबी तिचंच घाला."

मुक्ताबाईंनी शिवली. पिवळ्या दोऱ्यानं एकेक अक्षर भरलं, दर तीन बोटांवर गाठ. गाळ्यात विमान उभं असलं, की ते नाव रस्त्यावरून वाचता येतं. हौसेराव येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "दिला शब्द पाळला!"

परवानगी आली, त्या खेपेला विमान झकास उडालं. केशरबाई वर घिरट्या घालत होत्या, त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा. आणि खाली उन्हात मुक्ताबाई, स्वतःचं नाव घडी करून पिशवीत घातलेलं, विमान उतरलं की परत लावायला.