बेडकाने उडी मारायची नाही

तुम्ही म्हणाल, सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाने बेडकाच्या नादी लागू नये. बरोबर आहे तुमचं. आमच्या आम्रपालीचंही तेच म्हणणं होतं, फक्त तिने 'माणसाने' हा शब्द वापरला नव्हता.

झालं काय, आमची तनया नववीत गेली आणि तिच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ एकच जप सुरू झाला, भूषणमामा. भूषणमामा म्हणजे माझा मेहुणा बुद्धभूषण. वारज्याला राहतो, आयटीत आहे. गणित अडलं, मामाला फोन. मोबाईल अडला, मामाला फोन. पूर्वी हीच मुलगी सायकलची चेन पडली की "बाबा, बाबा" करत यायची आणि मी हात काळे करून ती बसवून द्यायचो. आता सायकलही गेली आणि मी प्रगतिपुस्तकावरच्या सहीपुरता उरलो. वाईट वाटतं हो. पण हे सांगणार कुणाला? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सही तरी सरळ करा."

तर मे महिन्याच्या सुट्टीत मामाने भाचीला एक व्हिडिओ गेम दिला. एक बेडूक विहिरीत पडलेला असतो आणि उड्या मारत मारत त्याला काठावर आणायचं. एवढंच असतं तर मीही काही बोललो नसतो. पण हा गेम खेळणाऱ्यांमध्ये (जगभर आहेत म्हणे, आणि सगळ्यांना भरपूर वेळ आहे) चढाओढ लागते ती कमीत कमी उड्यांत वर कोण येतो याची. भूषण तीन उड्यांत आला होता. तनयाने ही बातमी एका जेवणात चार वेळा सांगितली.

चौथ्या वेळी मी म्हणालो, "तीन कशाला लागतात? मी एकही उडी न मारता आणून दाखवतो."

"बेडकाने उडी मारायची नाही?" आम्रपाली पोळी वाढता वाढता थांबली. "मग काय, रिक्षा करायची?"

तनया मात्र हसली नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "खरंच करशील, बाबा? महिनाअखेरच्या रविवारी मामा जेवायला येणार आहे. त्याच्यासमोर?"

सही सोडून तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं, त्याला वर्ष तरी झालं असेल. मी हो म्हणून बसलो.

पुढचे दोन दिवस मी त्या बेडकाला विहिरीच्या तळाशी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालवला. बेडूक दमला, पण वीतभरही वर सरकला नाही. मग इंटरनेटवर एक प्रोग्राम सापडला. तो काही विचार-बिचार करत नाही. कुठलं बटण कधी दाबायचं, याचे जेवढे म्हणून प्रकार संभवतात तेवढे सगळे एकामागून एक करून बघतो. सेकंदाला हजारो. वाचलं आणि मला गहिवरूनच आलं, कारण ही तर आमची पद्धत. मी कोथरूडच्या एका कॉलेजात वरिष्ठ लिपिक आहे. मागे रेकॉर्डच्या कपाटाची किल्ली हरवली, तेव्हा मी ऑफिसातल्या एकशे सत्तर किल्ल्या क्रमाने लावून बघितल्या होत्या. (कपाट उघडंच होतं, हे एकशे सत्तराव्या किल्लीनंतर शिपायाने सांगितलं.)

प्रोग्राम सुरू करण्याआधी एक अर्ज भरायचा होता. उड्या किती चालतील? शून्य. त्याखाली एक रकाना होता, वेळेची मर्यादा. तो काही मला कळला नाही. जो रकाना कळत नाही तिथे 'लागू नाही' लिहावं, ही माझी सव्वीस वर्षांची सवय. लिहिलं आणि बटण दाबलं.

मग जे सुरू झालं ते सोळा दिवस चाललं. घरातला एकुलता एक लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर रात्रंदिवस घरघरत होता. तो बंद करायचा नाही, हलवायचा नाही, त्याच्यावर घरातल्या कुणी काही करायचं नाही. तापायचा तर इतका, की तनयाचं दूध त्याच्या शेजारी ठेवलं तर साय यायची. मी टेबलफॅन त्याला दिला. चौथ्या दिवशी ऑफिसातून आलो तर आम्रपालीने लॅपटॉपच्या भोवती, गरम हवा जिथून येते तिथे, मूगवड्या मांडल्या होत्या.

"अहो, गच्चीपेक्षा छान वाळतात," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत कॉम्प्युटर पहिल्यांदा घरच्या कामाला आला."

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. मी घरातले सगळे पंखे बंद करून सगळा इन्व्हर्टर लॅपटॉपच्या सेवेला लावला. बाहेर एकोणचाळीस अंश. आम्रपाली वर्तमानपत्राने वारा घेत बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"माझ्या आईकडे नागपुरात चव्वेचाळीस आहे," ती म्हणाली. "पण तिथे पंखा माणसांना देतात."

सतराव्या सकाळी घरघर थांबली. आधी वाटलं, लॅपटॉप गेला. बघतो तर पडद्यावर हिरवी ओळ आणि त्याखाली उत्तर. उड्या शून्य. मी टेबलापाशी उभा राहिलो आणि डोळ्यांत पाणी आलं. (मूगवड्यांच्या हिंगाचा वास होता, पण नुसता हिंग नव्हता.)

उत्तर असं होतं. बेडकाला सात पावलं चालवायचं, तिथे विहिरीत घिरट्या घालणाऱ्या कासवाच्या पाठीवर चढवायचं आणि भिंतीला चिकटवून डावं बटण दाबून धरायचं. गेममध्ये कुठलीशी चूक राहून गेली आहे, त्यामुळे कासवाच्या दर फेरीला बेडूक केसाएवढा वर सरकतो. बटण सोडलं की घसरून तळाशी. शेजारचं उडीचं बटण चुकून दाबलं गेलं तर सगळं मुसळ केरात. एकूण वेळ तीन तास चाळीस मिनिटं. तो रकाना कशासाठी होता, ते मला तेव्हा समजलं.

रविवारी अकराला भूषण आला. मी सोफ्यावर मांडी घालून बसलो, टीव्हीवर गेम लावून त्याचा रिमोट दोन्ही हातांत धरला, सात पावलं चाललो, कासवावर चढलो आणि डावं बटण दाबलं.

"आता?" तनयाने विचारलं.

"आता बघायचं."

पाच मिनिटं सगळे बघत राहिले. "भाऊजी, हँग झालं का?" भूषण म्हणाला. मी म्हटलं, नाही, चढतोय. पट्टी आणून मोजायला लावली, तेव्हा त्याला पटलं. साडेबाराला पानं वाढली. मला अंगठा हलवायची सोय नव्हती, म्हणून तनयाने मला भात भरवला. मटणाचा रस्सा, भात, वर कोशिंबीर. ती घास देत होती, पडद्याकडे बघत होती आणि मधूनच म्हणत होती, "बाबा, अर्ध्यावर आलास." खरं सांगतो, मला बेडूक वर नाही आला तरी चाललं असतं.

पण दुपारचा दीड, पोटात मटण आणि टेबलफॅन आता माणसांकडे वळवलेला. भूषण आतल्या खोलीत आडवा झाला. मी डोळे ताणून बसलो होतो, एवढं पक्कं आठवतं.

जागा झालो तो टाळ्यांच्या आवाजाने. गेममधल्याच टाळ्या. बेडूक काठावर बसला होता, वर फुलं पडत होती आणि एका कोपऱ्यात आकडा होता, उड्या शून्य. तनया नाचत होती. भूषण डोळे चोळत बाहेर आला, पडद्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊजी, मानलं तुम्हाला."

"बाबा, भारी आहेस तू," तनया म्हणाली.

माझी छाती अशी काही फुगली की बनियन आवळला. मी नम्रपणे हात उंचावले आणि तेव्हा लक्षात आलं की हात रिकामे आहेत. रिमोट टीपॉयवर होता. त्याच्या डाव्या बटणावर कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा घट्ट बसवलेला होता.

"तू घोरायला लागलास आणि तुझा अंगठा उडीकडे निघाला," तनया म्हणाली. "मग मी बटण दाबून धरूनच रिमोट हळूच काढून घेतला. बरं झालं झोपलास, बाबा. तू जागा असतास तर दिला नसतास."

भूषणने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात आम्रपाली बालदी घेऊन आली. तिने रिमोटवरचा चिमटा काढला आणि निरखून बघितला.

"ह्याचं काम झालं असेल तर नेते. दोरीवर एक कमी पडतोय," ती म्हणाली. "तुम्ही झोपा. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही."