गुणाजींचा दुसरा संप

मस्कतहून नातू बोलायला लागला की गुणाजी परबांच्या संगणकावर त्याचं तोंड उघडं पडायचं, ते पाच-पाच मिनिटं मिटायचंच नाही. आवाज मागाहून यायचा, तोही तुटक. लालबागच्या त्या चाळीत इंटरनेट येऊन वर्ष झालं होतं, आणि गुणाजींचंच तेवढं महिनाभर रखडत होतं.

बिघाड आपल्याच घरात असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बावीस वर्षं त्यांनी गिरणीत कापड विणायचा साचा चालवला होता. साचा अडला की दोष वरच्यांचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ब्याऐंशीच्या संपात ते फाटकावर उभे राहिले, शेवटपर्यंत आत गेले नाहीत, आणि नोकरी गेली ती गेलीच.

केबलवाला जयवंत म्हणाला, लाइन चांगली आहे. त्याचा लाइनमन दत्तू तीनदा तपासून गेला, तोही तेच म्हणाला. मालक आणि कामगार एका सुरात बोलतात म्हटल्यावर गुणाजींचा संशय बळावला. त्यांनी गॅलरीत सभा घेतली. मागण्या दोन: वेग वाढवा आणि कामचुकार लाइनमन बदला. तोवर नेट घेतलेल्या अकराही घरांनी इंटरनेटची वायर काढून दाराबाहेर कठड्यावर टांगायची. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निमूटपणे वायरी टांगल्या.

पाचव्या दिवशी सून पद्मजाने आपल्या ऑफिसातले चिंतामणी साने यांना घरी आणलं. शिवाजी पार्कचा शांत माणूस. त्यांनी संगणक उघडला आणि वायर कुठे आहे म्हणून विचारलं.

"संपावर आहे," गुणाजी म्हणाले.

सान्यांनी वायरीशिवायच तपासलं आणि चष्मा पुसत सांगितलं, "काका, मशीनमधल्या नेटवर्क कार्डाला काम सांगणारा एक प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. तुमच्याकडे दुसऱ्याच कार्डाचा घातलाय. कोणी घातला?"

कोणी म्हणजे, गुणाजींनीच. 'वेग दुप्पट' असं लिहिलेली सीडी महिन्यापूर्वी त्यांनी हौसेने आणली होती. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही.

सान्यांनी योग्य ड्रायव्हर घातला. आता वायर लावून पाहायला हवी होती. गुणाजींनी गॅलरी रिकामी आहे ना ते पाहिलं, वायर आत ओढली आणि दार लोटून घेतलं. मस्कतचा नातू पडद्यावर झरझर बोलू लागला, मान हलवू लागला. गुणाजींना आनंद झाला आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात खाली घोषणा सुरू झाल्या, म्हणून गुणाजी खाली उतरले. जयवंत हात जोडून उभा होता. अकरा गिऱ्हाईकं गमावणं त्याला परवडणारं नव्हतं. वेग वाढवतो म्हणाला, आणि दत्तूला आजपासून काढलंय म्हणाला. कोणीतरी गुणाजींच्या गळ्यात हार घातला. दत्तूने हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवली आणि तो भिंतीकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा गुणाजी संप जिंकले होते, आणि एका कामगाराच्या पोटावर पाय देऊन.

त्यांना राहवेना. "दत्तूला काढू नका. लाइन चांगली होती," ते म्हणाले. "बिघाड माझ्या घरात होता. मीच केलेला."

मग शेजारच्या कमळाबाई पुढे झाल्या.

"आमचं नेट पयल्यापासून झकास चालत होतं, भावजी. पण तुम्ही एक संप हरलेले. दुसरा कसा हरू द्यायचा?"

सगळी चाळ हसली. जयवंतही सुटल्यासारखा हसला आणि त्याने पिशवी उचलून दत्तूच्या हातात दिली. गुणाजींना मात्र मान वर करवेना. त्यांनी हार काढला आणि प्रायश्चित्त म्हणून दत्तूची शिडी स्वतः खांद्यावर घेतली. वर जाऊन वायरी परत लावायच्या होत्या, सगळे मागोमाग निघाले. दत्तूने मानाने पहिलं दार गुणाजींचं धरलं आणि तो कठड्यापाशी थबकला.

"काका, तुमची वायर तर लावलेलीच हाय."

हसणं थांबलं. कमळाबाईंनी दारातून आत डोकावून पाहिलं. पडद्यावर नातू अजून हात हलवत होता.

"संप चालू असताना, भावजी?"

"दहाच मिनिटं," गुणाजी पुटपुटले.

ब्याऐंशीत फाटकातून चोरून आत जाणारे सापडले की असंच काहीतरी सांगायचे. त्यांच्याशी गुणाजी अजूनही बोलत नसत.